सत्कार होणार नाहीत

"सत्कार नाय, तं मंग लोकं येतील कशाला? गानी ऐकाला?"

गोजराबाई हे सुनेला म्हणाली नव्हती, मांदेलींना म्हणाली होती. दिवाळे गावातल्या घराच्या मागच्या ओट्यावर विळी पुढ्यात घेऊन ती मांदेली साफ करत होती, आणि ज्या गोष्टी सुनेला तोंडावर सांगायच्या नसत त्या ती माशांना सांगे. मासे ऐकून घेत. दोन पावलांवर चहा गाळणाऱ्या सुनेलाही ऐकू जाई, आणि भांडण न होता म्हणणं पोहोचतं होई.

भाविकाने गाळणं मोरीत आपटलं. "आई, गाण्याच्या कार्यक्रमाला लोकं गाणी ऐकायलाच येतात."

"मी तुना कय बोलले? मी यांना बोलतंय." गोजराबाईने एका मांदेलीचं डोकं उडवलं.

वाद तिकिटाच्या शेवटच्या ओळीवरून होता. तिकीट भाविकाने स्वतः लिहून काढलं होतं. वर कंपनीचं नाव, 'भावस्वर लाइव्ह'. खाली गायिकेचं नाव, वार, वेळ दुपारी चार. आणि सगळ्यात शेवटी, जाड अक्षरांत : 'या कार्यक्रमात सत्कार होणार नाहीत. फक्त गाणी होतील.'

ही ओळ लिहायला भाविकाला चार वर्षं लागली होती. ऐरोलीतली हेडफोन लावून परदेशातल्या लोकांची बोलणी खायची नोकरी सोडून तिने नवऱ्याच्या धंद्यात उडी घेतली, तेव्हा धंदा म्हणजे दिपेशचे आठ स्पीकर आणि एक बेंजो पार्टी. हळदी वाजवायच्या. हळदीत काम भरपूर, पण ऐकणारं कोणी नाही, सगळे नाचणारे. भाविकाला लोकांना खुर्चीवर बसवून, दिवे मंद करून गाणं ऐकवायचं होतं. तसे कार्यक्रम तिने मग केलेही, कधी मंडळाच्या नावाने, कधी प्रतिष्ठानच्या. पण गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात एकेचाळीस सत्कार झाले आणि गाणी झाली तीन. त्यातलं तिसरं गाणं चालू असताना बेचाळिसावे पाहुणे आले.

त्या कार्यक्रमाची गायिका निशिगंधा. गळा असा की ऐकणाऱ्याने हातातला मोबाइल आपण होऊन उलटा ठेवावा. यंदा भाविकाने तिला फोन केला, तर ती शांतपणे म्हणाली, "मागच्या वेळी मी दीड तास तंबोरा मांडीवर घेऊन बसले होते. लहान मूल असतं तर तेवढ्यात चालायला लागलं असतं. एकही सत्कार होणार नसेल तर येते. आणि भाविका, या वेळी झाला तर पुन्हा मला फोन करू नकोस."

म्हणून ती ओळ. आणि गंमत म्हणजे ती ओळ वाचूनच तिकिटं गेली. ऐरोलीहून, नेरुळहून, पार मुलुंडहून लोकांनी फोन करकरून विचारलं, "खरंच सत्कार नाहीत? नक्की ना?" एका बाईंनी तर आवाज खाली आणून विचारलं, "दीपप्रज्वलन?" भाविका म्हणाली, "तेही नाही." पलीकडून सुस्कारा ऐकू आला.

बाजारात मासे विकणाऱ्या गोजराबाईला भाविकाने पास देऊ केला होता. तिने तो घेतला नाही. "पास नको मना. माज्याकरं कोन फुकट मावरा मागला तं मी देतंय? मंग तुजी गानी मी फुकट कशी घेव?" असं म्हणून तिने पदराची गाठ सोडली, रीतसर तिकीट घेतलं, चष्मा लावून अक्षर अक्षर जुळवत शेवटची ओळ वाचली आणि तिकिटाची घडी करून पुन्हा गाठीत बांधली. "लिवलाय तसा होवाला पायजे," एवढंच म्हणाली. हे मात्र सुनेला म्हणाली.

आता राहिले होते हिरामण नाना.

हिरामण नाना दिपेशचे चुलत काका. भाताची शेतं गेली, त्यावर इमारती आल्या, त्यातल्या तीन नानांच्या. माणूस दिलदार. हॉलची सगळी जबाबदारी त्यांनी एका शब्दावर उचलली होती. अशा माणसाला 'नाना, तुमचा सत्कार नाही' हे सांगायचं कसं? दिपेशला विचारून उपयोग नव्हता. दिपेशला कोणालाही नाही म्हणता येत नसे. त्याच्या मोबाइलमध्ये सात विमा एजंटांचे नंबर होते आणि सातही जणांचा तो विमेदार होता. शेवटी भाविका स्वतः गेली. डोक्यावरचा पदर सावरत, भिंतीवरच्या नानांच्याच सत्काराच्या फोटोंकडे न बघता, तिने एका दमात सांगून टाकलं.

नानांनी भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं.

"माजा पन नाय?"

"कोणाचाच नाही, नाना."

"नाय म्हनजे नाय!" नानांनी मांडीवर थाप मारली. "एक नंबर! पटला आपल्याला. कोनीतरी बंद कराला पायजेच होता."

भाविका तरंगतच घरी आली. इथे तिचं एक चुकलं. नानांना पटलेली गोष्ट नाना एकटे ठेवत नसत. आठ दिवसांत बेलापूरच्या खाडीपासून मोऱ्याच्या धक्क्यापर्यंत बातमी गेली, की हिरामण शेठनी सत्कार नाकारला. मग त्यांच्या तोडीच्या माणसांना गप्प बसणं कठीण झालं. नानांचे व्याही धर्मराज शेठ यांनी आपलाही सत्कार करू नये असं कळवलं. मागोमाग संस्थांचे अध्यक्ष, माजी अध्यक्ष, बिल्डर आणि सोसायट्यांचे चेअरमन. जी वस्तू मिळणारच नव्हती ती नाकारायला बावीस माणसं पुढे आली. आणि नाकारल्यावर, ते बघायला, सगळे जातीने येणार होते. पुढच्या पाच रांगा पासात गेल्या.

रविवारी चार वाजता हॉल भरला. गोजराबाई जरीची साडी नेसून मागे 'ट' रांगेत, तिकिटावर लिहिलेल्या खुर्चीत. नाना आणि व्याही पुढच्या सोफ्यावर. मंचावर गालिचा, त्यावर तंबोरे, पेटी, तबला. ग्रीनरूममध्ये निशिगंधा गरम पाणी पीत होती. हॉलमधला एसी असा होता की बर्फात ठेवलेल्या पापलेटालाही हुडहुडी भरावी, म्हणून तिने खांद्यावर आपली पांढरी शाल घेतली होती.

"वहिनी, टेन्शन घेऊ नका," निवेदक सयाजी विंगेत भाविकाला म्हणाला. "म्या फकस्त दोन मिनिटं बोलतो, की गाणं चालू."

सयाजीचं घराणं साताऱ्याकडचं. वडील मार्केटात माथाडी. त्यांनी पाठीवर पोती वाहिली, मुलगा जिभेवर विशेषणं वाहत होता. हळदीच्या मांडवात माइकवरून पाहुण्यांचं आगमन पुकारायचं काम त्याने बारा वर्षं केलं होतं. त्याचा परिणाम असा झाला होता, की समोर माणूस आणि हातात माइक आला की त्याला नाव पुकारल्याशिवाय राहवत नसे.

"रसिकहो!" पडदा उघडताच सयाजी गरजला. "आज शाल नाही! श्रीफळ नाही! पुष्पगुच्छ नाही, सन्मानचिन्ह नाही, मनोगत नाही!"

मागच्या रांगांतून टाळ्यांचा असा कडकडाट झाला की भाविकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या टाळ्यांनीच घात केला. इतक्या टाळ्या सयाजीला मांडवात कधी मिळाल्या नव्हत्या. तो भारावला. "आणि रसिकहो, हे ज्यांच्या मनाच्या मोठेपणामुळं शक्य झालं, ज्यांचा आज सत्कार होणार नाही, अशा मान्यवरांची नावं घेणं मी माझं कर्तव्य समजतो. मान्यवरांनी कृपया जागेवर उभं राहावं."

बावीस नावं. प्रत्येकाला दोन विशेषणं. प्रत्येक जण उभा राहिला, मागे वळला, हात जोडले. कोणी जरा जास्त वेळ जोडले. 'ट' रांगेत ऐरोलीच्या एका गृहस्थांनी बायकोला विचारलं, "हे काय चाललंय?"

"सत्कार नसल्याचं सांगतायत," बायको म्हणाली.

"किती वेळ सांगणार?"

"बावीस माणसं आहेत."

नावं संपली. वीस मिनिटं गेली होती. दिवे मंद करायची खूण भाविका करणार, इतक्यात हिरामण नाना सोफ्यावरून उठले आणि मंचाच्या पायऱ्या चढू लागले. याच प्रसंगासाठी मंगळवारपासून भाविका आंघोळ करताना एक वाक्य घोकत होती. 'नाना, आता नको.' तीनच शब्द. बादलीसमोर छान जमत होते.

"मी भाषान करनार नाय," नानांनी माइक हातात घेतला. "मी येवराच बोलाला आयलूय, की आज हितं एक पन सत्कार नाय. यो कोनी बंद केला? आमच्या घरच्या सुनेनी! भल्याभल्यांना जो जमला नाय तो या पोरीनी केला. मंग मना सांगा, सत्कार बंद केला म्हनून तिचा सत्कार कराला पायजे क नाय?"

पुढच्या पाच रांगांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगांनी विचार करून वाजवल्या.

"भाविका! ये गो पोरी."

भाविका विंगेतून बाहेर आली. "नाना, आता न…"

"लाजू नको."

समोर पाचशे माणसं, शेजारी चुलत सासरे. उरलेले शब्द तिने गिळले. नाना हात पुढे करून शालीची वाट बघत उभे राहिले, आणि शाल कुठून येणार? सत्कारच नाहीत म्हटल्यावर शाल आणलीच नव्हती. विंगेत दिपेशने चारी दिशांना पाहिलं, ग्रीनरूमकडे धाव घेतली, आणि निशिगंधा आरशासमोर गजरा माळत असताना खुर्चीच्या पाठीवरची पांढरी शाल उचलून आणली. नारळ सापडला. सकाळी रंगमंचाच्या पूजेला ठेवला होता, फोडायचा राहिला होता. भाविकाच्या खांद्यावर दुसऱ्याची शाल आणि हातात देवाचा नारळ आला. तिने वाकून नमस्कार केला. दुसरं काय करणार?

एवढ्यावर थांबलं असतं. पण विंगेत परत येताना तिची नजर धर्मराज शेठांवर गेली. शेठ छताकडे बघत होते.

धर्मराज शेठ म्हणजे नानांच्या मुलीचे सासरे. नानांनी आपल्या घरच्या सुनेचा सत्कार केला आणि शेजारी बसलेले व्याही कोरडे राहिले, हे आपल्याकडे किती वर्षं पुरतं ते ज्यांच्या घरी लग्न झालंय त्यांना सांगायला नको. ते छत दिपेशलाही दिसलं.

"भावी, शेठचं काहीतरी करायला लागेल."

"काय करणार? सत्कार नाहीत आपल्याकडे!"

"आता एक झालाय ना. तुझा." दिपेशने तिच्या खांद्यावरून शाल काढली. "शेठनी सत्कार नाकारला होता ना? मग नाकारला म्हणून करू. तत्त्वाला धक्का नाही."

ऐकायला ते इतकं बरोबर वाटत होतं की भाविकाला उत्तर सुचेपर्यंत सयाजी माइकवर पोचला होता. "सत्काराचा मोह ज्यांनी लीलया झुगारला, अशा धर्मराज शेठ यांचा, त्या त्यागाबद्दल, हृद्य सत्कार!"

धर्मराज शेठ "अरे, कशाला, कशाला" म्हणत इतक्या वेगाने मंचावर आले की दिपेशला नारळ पुसायलाही वेळ मिळाला नाही. शाल घेतली, नारळ घेतला, फोटो झाला. खाली उतरताना दिपेशने पायऱ्यांशी गाठून हळूच सांगितलं, "शेठ, द्या, मी तुमच्या गाडीत ठेवतो." शेठनी नारळ दिला. शाल गच्च लपेटून घेतली. "राहू दे रे. थंडी काय आहे इथं!" आणि ते सोफ्यावर जाऊन आरामात बसले.

आता त्याग केलेली वीस माणसं खाली होती, आणि वीसही जण छताकडे बघत होते.

यापुढे घडलं ते फार शिस्तीत घडलं. नारळ एकच होता, पण तो 'गाडीत ठेवतो' म्हणून विंगेत परत येई आणि पुढच्या मान्यवरांच्या हातात जाई. शालीचा प्रश्न दिपेशने तंबोऱ्याच्या गवसणीवर सोडवला. गवसणी, म्हणजे तंबोऱ्यावर चढवायची ती लांब खोळ, लाल मखमलीची होती. तिला एका टोकाला नाडी होती, पण ती मागे दडवता येत होती, आणि नारळाबरोबर गवसणीही 'गाडीत' जाऊन परत येई. वाशीच्या एका माजी अध्यक्षांनी खांद्यावर घेतल्यावर कापड चाचपून पाहिलं आणि खुशीत म्हणाले, "जड आहे. चांगल्यातली दिसते." दुसऱ्यांनी नाडी धरून विचारलं, "हे काय?" सयाजी माइक झाकून म्हणाला, "सायेब, आतली डिझाइन हाय ती." ते समाधानाने खाली उतरले.

दर सत्काराला भाविका एक पाऊल पुढे टाके आणि तोंड उघडे. आणि दर वेळी समोर कोणीतरी ओळखीचं असे. हे शाळेच्या वेळचे सर, ते दिपेशच्या बहिणीचं स्थळ जमवणारे, हे आईंना बाजारात जागा मिळवून देणारे. एकेकट्याला नको म्हणणं शक्यच नव्हतं. आणि एकेकटे करत करत नऊ झाले.

"भाविका."

मागे निशिगंधा उभी होती. दंडावर काटा आलेला.

"माझी शाल दिसत नाही."

"ती जरा… पुढे गेलीय," भाविका म्हणाली.

निशिगंधाने विंगेतून बघितलं. आपली शाल सोफ्यावर आणि तंबोऱ्याची खोळ चेअरमनच्या अंगावर. ती चिडली नाही, हेच वाईट होतं. "मी घरी जाऊ की तंबोरा लावू? एक काहीतरी सांग."

"लावा. प्लीज लावा. दोन मिनिटांत…"

निशिगंधा गालिच्यावर जाऊन बसली आणि तंबोरा जुळवू लागली. ती बसल्यावर तरी लोक समजतील, असं भाविकाला वाटलं. झालं उलटंच. तंबोऱ्याचा गंभीर सूर हॉलभर पसरला आणि सत्कारांना अशी काही खोली आली, की दहाव्या मान्यवरांचा गळा दाटून आला. अकराव्यांनी 'दोन शब्द' बोलायची परवानगी मागितली. सयाजीचा आवाज आपोआप षड्जात लागला.

"मॅडम." हॉलचा पडदेवाला किसन भाविकाच्या कानाशी आला. "साडेसहा झाले. सातला पडदा पाडणार. नंतर डॉक्टर लोकांचं नाटक आहे, अर्धे डॉक्टर मागे मिश्या लावून बसलेत."

साडेसहा! गाणं एकही झालं नव्हतं. अकरा सत्कार झाले होते, अकरा उरले होते. भाविकाने डोकं चालवलं, आणि डोकं चालवलं तिथेच शेवटचा फटका बसला. तिने सयाजीला ओढून सांगितलं, "उरलेल्या सगळ्यांना एकदम बोलव. सामूहिक. एक फोटो आणि विषय बंद."

सयाजीने ते जरा सजवून सांगितलं. "ज्यांनी ज्यांनी म्हणून त्याग केला, त्या सर्वांनी कृपया मंचावर यावं!"

पुढच्या पाच रांगांत त्याग न केलेला माणूस कोण निघणार? अख्ख्या पाच रांगा उठल्या. भाविका सोडून आधी सत्कार झालेलेही, आपण फोटोत नाही असं व्हायला नको म्हणून, पुन्हा चढले. निशिगंधा तंबोऱ्यासकट माणसांत दिसेनाशी झाली. गर्दीच्या मधून नुसता सूर येत होता. आणि खाली पाच रांगा मोकळ्या दिसताच तिकीटवाले एकेक करत पुढे सरकले. ऐरोलीचे गृहस्थ नानांच्या सोफ्यावर बसले. त्यांच्या शेजारी, गुडघ्याला हात लावत, गोजराबाई येऊन बसली.

मंचावर साठ माणसं आणि एक नारळ. तो कोणाच्या हातात द्यावा यावर कुजबुज सुरू झाली. नाना म्हणाले व्याह्यांना द्या, व्याही म्हणाले नानांना द्या, माजी अध्यक्ष म्हणाले ज्येष्ठतेने द्या. पेच पडला. सयाजीला तोड सुचली. त्याने खाली बघितलं, सोफ्यावर पांढऱ्या केसांची म्हातारी बसलेली दिसली, आणि तो नारळ घेऊन पायऱ्या उतरला.

"या सर्वांच्या वतीनं, आपल्यातल्या ज्येष्ठ रसिक, आमच्या वहिनींच्या सासूबाई, गोजराबाई यांचा सत्कार!"

सगळे सुटकेने टाळ्या वाजवू लागले. दिपेश गवसणी घेऊन धावला. सयाजीने नारळ पुढे केला, दुसऱ्या हातातला माइकही पुढे गेला.

"नको," गोजराबाई म्हणाली.

टाळ्या अर्ध्यात विरल्या. असा शब्द त्या दिवसात त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच ऐकू आला होता. सयाजी गडबडला. "आजी, घ्या की. मान असतो."

"मी बोलले नको." गोजराबाईने पदराची गाठ सोडली, घडी उलगडली आणि चष्म्याशिवायच, पाठ असल्यासारखं, वाचून दाखवलं. "'सत्कार होनार नाहीत. फक्त गानी होतील.' लिवलाय क नाय? मी पापलेट बोलून मांदेली तं विकीत नाय. भावजी!"

मंचावरच्या गर्दीत नाना चपापले. त्यांना सगळ्या गावासमोर नुसतं 'भावजी' म्हणणारी माणसं आता फार उरली नव्हती.

"माजी सून तीन तास त्या पडद्यामागं उभी हाय. तोंड उघरतंय नि मिटतंय, पान्याभायेर कारलेल्या मासलीसारखा. तिना तुमाला नको बोलता येत नाय, तुमी मोठे. मना येतंय. कोनाला नकोत तुमचे सत्कार! बसा खाली."

हॉल इतका शांत झाला की तंबोरा ऐकू येऊ लागला. भाविकाने डोळे मिटून घेतले. गेलं. हॉल गेला, नाना गेले, दिपेशची हळदीची कामंही गेली.

नानांनी खाली बघितलं. बसायला जागाच नव्हती. सोफ्यावर तिकीटवाले होते आणि ते हलण्याच्या बेतात दिसत नव्हते. मग नाना हळूच, कडक कपड्यांची इस्त्री सांभाळत, आहेत तिथेच गालिच्यावर मांडी घालून बसले. त्यांचं पाहून व्याही बसले. मग साठच्या साठ माणसं बसली, शाळेतल्या फोटोसारखी, आणि मधोमध निशिगंधा पुन्हा दिसू लागली. किसनने घड्याळ पाहिलं, मग पडद्याच्या बटणावरचा हात काढून खिशात घातला.

बसताना धर्मराज शेठांच्या लक्षात आलं की शेजारची मुलगी कुडकुडतेय. त्यांनी खांद्यावरची पांढरी शाल काढून तिच्याभोवती घातली. बिचाऱ्यांना माहीत नव्हतं ती कोणाची. निशिगंधाने ती ओढून घेतली, डोळे मिटले, श्वास भरला.

त्या क्षणभराच्या शांततेत पेटीसमोरच्या माइकपासून वीतभर अंतरावर बसलेले हिरामण नाना व्याह्यांच्या कानात बोलले. त्यांना वाटलं, कानात.

"खरा सांगू, व्याही? मना पन गानाच ऐकाचा होता. एक पन सत्कार नाय झाला तं तुमाला वाईट वाटंल म्हनून उठलू."

"अहो, मग बोलायचंत ना आधी!" शेठ म्हणाले, आणि तेही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "मी तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सत्कार घेतला."